पाकिटं भरण्याच्या मशीनवरची नोकरी: काम काय असतं आणि मुलींना मशीन मिळतं का?

राजगुरुनगरच्या एका मुलीने विचारलंय. वय एकवीस, बारावी कॉमर्स. भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत ‘मशीन ऑपरेटर, बल्क मेलिंग, फ्रेशर चालेल’ अशी जागा निघाली आहे आणि येत्या गुरुवारी मुलाखतीला बोलावलंय. तिचे प्रश्न तीन. हे काम नेमकं असतं काय? मुलींना खरंच मशीनवर घेतात की पॅकिंगच्या टेबलावर बसवून ठेवतात? आणि सगळी बिलं मोबाइलवर यायला लागली आहेत, तर ही नोकरी टिकेल का?

मी या धंद्यात २००१ साली आले, तेही टेबलावरच. चिंचवडच्या एका शेडमध्ये लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना आम्ही अठरा बायका, समोर स्टेटमेंटचे गठ्ठे. घडी घाल, पाकिटात सरकव, फ्लॅपवर ओला स्पंज फिरव, दाबून बंद कर. हात बसला की एका पानाची साधी पाकिटं तासाला ३००च्या आसपास व्हायची. चार वर्षांनी त्याच शेडमध्ये एक जुनं, सेकंडहँड मशीन आलं. अठराजणींपैकी दोघींना मशीनवर घेतलं, त्यातली एक मी. बाकीच्यांना महिन्याभरात घरी बसवलं. पुढे मी मशीनचं कौतुक करणार आहे, तेव्हा त्या सोळाजणीही लक्षात ठेव.

आता काम. बँकेची स्टेटमेंटं, कर्जाच्या नोटिसा, विम्याचे कागद, कंपन्यांकडून भागधारकांना जाणारी पत्रं, चेकबुकं, हे सगळं बँका आणि कंपन्या स्वतः पाकिटात भरत बसत नाहीत. त्या डेटा पाठवतात. आपल्याकडे तो छापला जातो, घडी पडते, पाकिटात जातो आणि पोस्टाच्या किंवा कुरिअरच्या गाडीत चढतो. फ्रेशरला छपाईवर कुणी लगेच उभं करत नाही. तुला बहुतेक इन्सर्टरवर देतील, म्हणजे पाकिटं भरणाऱ्या मशीनवर.

इन्सर्टरच्या एका टोकाला छापलेली पानं आणि दुसऱ्या टोकाला बंद पाकिटं असतात. फीडर एकेक पान ओढतो. पानाच्या कडेला बारीक काळ्या आडव्या रेघा किंवा ठिपक्यांचा चौकोनी कोड असतो, तो रीडर वाचतो. हे पान कुणाचं, कितवं आणि त्या माणसाचा सेट इथे संपला का, हे मशीनला त्यावरून कळतं. सेट पुरा होईपर्यंत पानं एकावर एक थांबतात आणि मग सगळ्यांची मिळून घडी पडते. पुढे ट्रॅक लागतो. तिथे पंगतीच्या उलटा प्रकार असतो: वाढपी जागेवर उभे आणि पानं पुढे सरकतात. प्रत्येक स्टेशन आपापलं माहितीपत्रक वाढतं. शेवटी सक्शन कप पाकिटाचं तोंड उघडतात, मागून लोखंडी बोटं सेट आत ढकलतात, फ्लॅपवर पाण्याचा ब्रश फिरतो आणि रोलरखाली पाकीट बंद होऊन बाहेर पडतं. आमचं पहिलं मशीन तासाला ४,००० पाकिटं काढायचं. आजची मोठी मशीनं २०,०००च्या पुढे जातात. कानावर पडणारी नावं म्हणजे स्वित्झर्लंडचं केर्न, जर्मनीचं बोव्हे, अमेरिकेचं पिटनी बोज. पिटनी बोजचा हा मोठ्या मशीनचा विभाग २०१८ साली विकला गेला आणि त्याचं ब्लूक्रेस्ट झालं, पण जुने मेकॅनिक अजून पहिलंच नाव घेतात.

नव्या माणसाचं काम असतं कागद आणि पाकिटं भरत राहणं, बाहेर पडलेली पाकिटं क्रमाने ट्रेमध्ये लावणं, जॅम, म्हणजे अडकलेला कागद, काढणं आणि जॉब कार्डवर, म्हणजे त्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, आकडे लिहिणं. ऐकायला सोपं वाटतं आणि पहिला आठवडा ते सोपंच असतं. मशीन चालवायला पंधरा दिवसांत येतं. मशीन कधी थांबवायचं, हे यायला मला दोन वर्षं आणि एक वाईट रात्र लागली.

ती रात्र २००७ सालची. महिन्याची सुरुवात होती, दोन पानी स्टेटमेंटचा जॉब होता आणि सकाळी सहाची गाडी होती. कडेच्या रेघा फिक्या छापल्या गेल्या होत्या, त्यामुळे रीडर दर दहा मिनिटांनी मशीन थांबवत होता. तेव्हाच्या शिफ्ट इन्चार्जने वैतागून रीडर बंद केला आणि ‘दोन पानं ओढ, एक पाकीट भर’ अशी आंधळी सेटिंग लावली. मशीनवर मी होते. हे चूक आहे, हे मला कळत होतं. मी काही बोलले नाही.

पुढे कुठेतरी दोन पानं एकमेकांना चिकटून एकदम ओढली गेली. मशीनच्या लेखी ते एकच पान. म्हणून त्याने आणखी एक ओढलं. पहिल्या गिऱ्हाइकाच्या पाकिटात त्याची दोन्ही पानं गेली आणि दुसऱ्याचं पहिलं पानही गेलं. दुसऱ्याच्या पाकिटात त्याचं दुसरं पान आणि तिसऱ्याचं पहिलं. तिथून पुढे सगळी रांग एका पानाने सरकली. पत्ता दोन्ही पानांवर छापलेला होता, त्यामुळे पाकिटाच्या पारदर्शक खिडकीतून पाहिलं तर प्रत्येक पाकीट ठाकठीक दिसत होतं.

जॉब संपला तेव्हा फीडरमध्ये एक पान उरलं आणि काउंटर जॉब कार्डपेक्षा एकने कमी होता. हेल्पर म्हणाला, “टाका ना ताई श्रेडरमध्ये, एकच तर आहे.” माझा हात पुढे गेलाही होता. मग मी शेवटच्या ट्रेमधलं एक पाकीट फाडलं. आत दोन वेगवेगळ्या माणसांची पानं निघाली. डबल कुठे ओढला गेला हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून शेवटची तपासणी जिथे झाली होती तिथपासून पुढची सगळी, जवळजवळ १,९०० पाकिटं आम्ही पहाटेपर्यंत फाडली. तो सगळा ढीग मोजून श्रेडरला गेला आणि पुन्हा छपाई झाली. गाडी चुकली. सकाळी मला बोलणी बसली ती काम उशिरा संपवल्याबद्दल.

ते पान टाकून दिलं असतं, तर शेकडो लोकांच्या घरी दुसऱ्या कुणाचा तरी बँकेचा हिशेब पोचला असता. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी मोजायला शिकवते. किती पानं आली, किती पाकिटं निघाली, किती बाद झाली, किती पुन्हा छापायला दिली. बेरीज जुळली नाही तर एक पानसुद्धा सोडायचं नाही. या कामात जो माणूस पटपट हात चालवतो त्यापेक्षा ज्याला न जुळलेला आकडा झोपू देत नाही, तो टिकतो. तू कॉमर्सची आहेस, ट्रायल बॅलन्स न जुळल्यावर पोटात गोळा कसा येतो हे तुला माहीतच असेल. तो गोळा इथे फार उपयोगी पडतो.

डबल का ओढला जातो, यावर मी तासभर बोलू शकते. निम्मं कारण हवामानात असतं. जुलैत पुण्याची हवा दमट होते, कागद ओल धरतो, कडा लाटांसारख्या वर येतात आणि पाकिटांचे फ्लॅप खोक्यातच चिकटतात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत उलटं होतं: पानांवर स्थिर वीज साचते आणि ती एकमेकांना सोडत नाहीत. म्हणून कागद आदल्या दिवशीच मशीनच्या हॉलमध्ये आणून ठेवायचा, म्हणजे त्याला तिथल्या हवेची सवय होते. रीमचं, म्हणजे पाचशे पानांच्या गठ्ठ्याचं, वेष्टन मात्र लागेल तेव्हाच फाडायचं. भरताना गठ्ठा दोन्ही हातांत धरून वाकवायचा, कडा फडफडवून पानांमध्ये हवा घालायची, मग टेबलावर ठोकून चौकोन करायचा. हे न करता गठ्ठा तसाच फीडरवर ठेवणारा ऑपरेटर दिवसभर जॅम काढत बसतो आणि मशीनला शिव्या देतो.

बाकीची देखभाल म्हणजे स्वयंपाकघरासारखी आहे, रोज थोडी केली तर डोक्यावर बसत नाही. रोलरवर कागदाची धूळ आणि पाकिटाचा डिंक साचला की ते गुळगुळीत होऊन घसरतात. शिफ्टच्या सुरुवातीला आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसून घे. सक्शन कपला बारीक चीर गेली तरी पाकिटाचं तोंड अर्धवट उघडतं आणि सेटचा कोपरा दुमडतो. बोट फिरवलं की चीर कळते. फ्लॅप ओला करायच्या टाकीतलं पाणी रोज बदल. बोअरचं पाणी ओतू नकोस, त्यातल्या क्षाराने ब्रश कडक होतो आणि मग दर पन्नासातलं एक पाकीट उघडं राहतं. उघडं पाकीट पोस्टात गेलं तर त्यातून काय पडलं आणि कुठे पडलं, हे कुणीच सांगू शकत नाही.

एक तपासणी तुला कुणी शिकवणार नाही कदाचित, म्हणून सांगते. ए-फोर कागदाचे तीन भाग केले की घडी ९९ मिलिमीटरची होते आणि नेहमीचं लांब पाकीट असतं ११० मिलिमीटर उंच. म्हणजे आत ११ मिलिमीटरचा खेळ आहे. मशीनची सेटिंग लागल्यावर पहिली चार-पाच पाकिटं हातात घेऊन टेबलावर चारही बाजूंनी ठोकायची. सेट खाली सरकला, वर सरकला, डावीकडे गेला, तरी खिडकीत पूर्ण पत्ता दिसला पाहिजे, आणि पत्त्याशिवाय काहीही दिसता कामा नये. पत्त्याच्या वरच्या ओळीत खाते क्रमांक असेल आणि तो डोकावत असेल, तर जॉब सुरूच करायचा नाही. आधी सुपरवायझरला दाखवायचं.

वजनाचंही तसंच आहे. ८० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारं, ए-फोर पान बरोबर ५ ग्रॅमचं असतं, कारण एक चौरस मीटरमधून अशी सोळा पानं निघतात. पाकीट साधारण ५ ग्रॅम धर. साध्या टपालाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. म्हणजे तीन पानं आणि पाकीट इथेच काठ आला. क्लायंटने आयत्या वेळी एक चकचकीत जाहिरात घालायला सांगितली तर प्रत्येक पाकिटाचं टपाल पुढच्या टप्प्यात जातं आणि ५०,००० पाकिटांवर ती रक्कम बरीच होते. ऑपरेटर काट्यावर एक पाकीट ठेवून बघतो आणि विचारतो, “साहेब, हे बावीस भरतंय, चालेल ना?” असं विचारणाऱ्या मुलाचं नाव मॅनेजरच्या लक्षात राहतं. काटा चूकही पकडतो: सगळी पाकिटं १५ ग्रॅमची असताना एखादं २० भरलं, तर आत पाहुणं पान आहे.

मग ट्रे. पाकिटं मशीनमधून पिनकोडच्या क्रमाने येतात, कारण डेटा छपाईआधीच तसा लावलेला असतो. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले मराठी अधिकारी होते आणि संस्कृत कवीही होते. आमच्या शेडमध्ये त्यांचा फोटो लावायला हवा, असं मी गमतीने म्हणते. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा पट्टा, ४११ म्हणजे पुणे, आणि शेवटचे तीन आकडे वाटप करणारं पोस्ट ऑफिस सांगतात. ४११०३० सदाशिव पेठ, ४११०३८ कोथरूड, ४११०२६ तुझी भोसरी. सहा महिन्यांत तुला पन्नासेक पिनकोड तोंडपाठ होतील, न ठरवता. ट्रे हातातून पडला आणि क्रम विस्कटला की तो पुन्हा हाताने लावावा लागतो. सगळ्यांकडून एकदा तरी पडतो. पडला तर सांग. गुपचूप कसाही भरून लेबल लावणारे असतात, आणि मग कोथरूडची पत्रं नाशिकच्या गोणीत निघतात.

गुप्ततेबद्दल कंपनी तुझ्याकडून सही घेईल. मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा, बिनखिशाचा कोट घालायचा, बाहेर पडताना तपासणी. सुरुवातीला अपमान वाटतो. मलाही वाटायचा. पण एकदा एका कर्जनोटिसीवर मला आमच्या घरमालकांचं नाव दिसलं. तीन हप्ते थकले होते, हे त्यांच्या बायकोच्या आधी मला कळलं. त्याच संध्याकाळी जिन्यात भेटले, नेहमीसारखं “काय, आज उशीर?” म्हणाले. मी हसले आणि वर गेले. ही गोष्ट मी त्यांचं नाव, वाडा, वर्ष काहीच न सांगता लिहितेय, आणि तरी लिहिताना हात अडखळतोय. दुसऱ्याचा कागद हातात येणं म्हणजे काय, ते हेच.

आता मुलींचं. खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी मुलींना अजून टेबलावरच पाठवतात. वेलकम किट भरणं, तपासणी, लेबलं लावणं. कारण विचारलं तर म्हणतात, मुलींचा हात नीट असतो. हात नीट असेल तर मशीनवर जास्तच उपयोगी, पण तेव्हा गप्प बसतात. मुलाखतीत सरळ विचार: मला कुठलं मशीन देणार, किती दिवसांनी, आणि शिकवणार कोण? उत्तर गोलगोल आलं तर समजून जा. ताकदीचा मुद्दा काढतील. पाच रीमचं खोकं साडेबारा किलोचं असतं. ट्रॉली असते, आणि नसली तर दोघांनी उचलायचं. मुलांनीही.

कपड्यांबाबत मात्र मी कडक आहे. ओढणी पिन करून चालत नाही, ओढणी नकोच. बांगड्या, लांब मंगळसूत्र, मोकळी वेणी हे सगळं गेटवर. केस जाळीत. रोलर कागद आणि केस यांत फरक करत नाही. मशीनचं झाकण उघडलं की ते आपोआप थांबतं, कारण त्यात सेन्सर असतो. काही ठिकाणी जॅम पटकन काढता यावा म्हणून त्या सेन्सरला लोहचुंबक चिकटवून ठेवतात. पहिल्या दिवशी सगळ्या झाकणांवर नजर फिरव. तसं लोहचुंबक दिसलं तर झाकणाखाली हात घालायचा नाही, कोणी कितीही घाई करो. लाल बटण कुठे आहे ते डोळे मिटून सापडलं पाहिजे. आणि पाय. आठ तास कोबा-सिमेंटवर उभं राहायचंय, तेव्हा पहिल्या पगाराची वाट न बघता चांगले बूट घे. सक्शनच्या पंपाचा आवाज डोक्यात घुमत राहतो, तेव्हा इअरप्लग मागून घे, लाजू नकोस.

शिफ्टचं घरच्यांना आधीच सांग. १९४८च्या कारखाना कायद्यात बायकांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा काम करायला मनाई होती. आता संमती घेऊन, सुरक्षिततेची सोय करून रात्रपाळी देता येते. म्हणजे तुझी संमती लागते, आणि ती देण्याआधी गाडी घरापर्यंत सोडणार की भोसरीच्या स्टॉपपर्यंत, हे लेखी घे. राजगुरुनगर ते भोसरी बस आहे, पण मध्ये चाकण आहे, आणि चाकणचा ट्रॅफिक तुला मी सांगायला नको. सेकंड शिफ्ट रात्री उशिरा सुटते. पहिले सहा महिने भोसरीत मैत्रिणींसोबत खोली घेता आली तर प्रवासाचे तीन तास वाचतील.

पगार मी सांगणार नाही, तो कंपनीगणिक आणि कंत्राटदारागणिक बदलतो. विचारायचं काय, ते सांगते. पगारपत्रक कंपनीचं की कंत्राटदाराचं? बऱ्याचदा कंत्राटदाराचं असतं. ते चालेल, पण पीएफचा नंबर पहिल्या महिन्यात हातात आला पाहिजे. तुझ्या मूळ पगारातून १२ टक्के जातात आणि मालकानेही १२ टक्के भरायचे असतात. २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा राज्य विमा, लागू होतं, तुझे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. व्यवसाय कर बायकांना महिना २५,०००पर्यंत नाही, ही सूट २०२३ पासून आहे. तरीही कापलेला दिसला तर विचार, मी दोघींचा परत मिळवून दिलाय. ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळायला हवा, जुन्या कायद्यातही आणि नव्या श्रम संहितेतही. ‘ओव्हरटाइम सिंगल देतो पण रोज देतो’ असं म्हणणारा माणूस तुला फसवतोय.

ओव्हरटाइम येतो कधी, तेही कळू दे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्टेटमेंट. आणि मोठा हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरचा, कारण मार्चला वर्ष संपणाऱ्या कंपन्यांना ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यावी लागते आणि भागधारकांना २१ दिवस आधी सूचना पाठवावी लागते. म्हणजे नेमके गणपती. विसर्जनाची सुट्टी सगळ्यांनाच हवी असते. पहिल्या वर्षी मिळेल असं धरू नकोस.

आता टिकण्याचा प्रश्न. काम कमी झालंय, यात लपवण्यासारखं काही नाही. २०११ साली सरकारने कंपन्यांना वार्षिक अहवाल ईमेलने पाठवायची मुभा दिली तेव्हाच आमच्या जाडजूड पाकिटांचा पहिला मोठा घास गेला. मग बँकांची ई-स्टेटमेंट, करोना, आणि एप्रिल २०२४ पासून विमा पॉलिसीही इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यायचा नियम. मी आले तेव्हा तीन शिफ्ट चालायच्या, आता बहुतेक महिने दोनच. कायदेशीर नोटिसा, चेकबुकं, कार्डांची किट, ज्यांनी ईमेल दिलेलाच नाही अशा ज्येष्ठांची पत्रं, हे अजून कागदावर आहे आणि काही वर्षं राहील. पण इथेच निवृत्त होईन असं मनात धरून येऊ नकोस. मी कदाचित होईन, माझी दहाच वर्षं उरलीत.

पण तू जे शिकशील ते फक्त पाकिटांचं नाही. फीडर, सक्शन, सेन्सर, कोड वाचणारा कॅमेरा, घडीची सेटिंग, बाद मालाचा हिशेब, हे सगळं औषधांच्या खोक्यात माहितीपत्रक घालणाऱ्या मशीनवर जसंच्या तसं असतं. आमच्या इथली एक मुलगी तीन वर्षांनी औषधांच्या पॅकेजिंगला गेली, आता लाइन सांभाळते. मुलाखतीत तिला विचारलं, “मिक्सअप म्हणजे काय?” तिने त्या उरलेल्या पानाची गोष्ट सांगितली, माझी. घेतलं तिला. पुढे शिकायचं असेल तर औंधच्या आयटीआयमध्ये चौकशी कर, आणि पुण्यात पुणे विद्यार्थी गृहाच्या कॉलेजात मुद्रण अभियांत्रिकीही आहे. बारावी कॉमर्सनंतर थेट अभियांत्रिकी नाही जमणार, पण आयटीआयचा रस्ता उघडा आहे.

तू विचारशील, मी तुझ्या जागी असते तर घेतली असती का? घेतली असती, दोन-तीन वर्षांसाठी, मशीन मिळणार असेल तरच. टेबलावर बसवणार असतील तर राजगुरुनगरहून रोज येण्याइतकं त्यात काही नाही. पहिल्या महिन्यात कोणीतरी तुला म्हणेल, रीडर बंद कर, वेळ नाही. तेव्हा “तुम्ही जॉब कार्डवर तसं लिहून सही करा, मग करते” एवढंच म्हण. आवाज चढवायची गरज नाही. मी आता शिफ्ट सांभाळते आणि माझ्या शिफ्टला असं म्हणणाऱ्या मुली आहेत. एकदा मलाच म्हणाली एक. मी सही केली नाही, रीडर पुसला.

आणि ते गुरुवारचं बघ. भोसरीच्या एमआयडीसीला गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असते, बहुतेक शेडना कुलूप असतं. ऑफिस उघडं ठेवणारेही असतात, म्हणून लगेच संशय घेऊ नकोस, पण ज्याने बोलावलंय त्याला फोन करून गेटचा पत्ता आणि कुणाला भेटायचं ते नक्की करून घे. रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, ट्रेनिंग, कशाच्याही नावाने आधी पैसे मागितले तर जाऊच नकोस. जाशील तेव्हा आधार, बारावीचं मार्कशीट, बँकेच्या पासबुकाची प्रत आणि दोन फोटो ने, आणि शॉप फ्लोअर, म्हणजे मशीनचा हॉल, दाखवा म्हण. दाखवला तर कागदाचे गठ्ठे कुठे ठेवलेत ते बघ. दारातल्या पावसाच्या ओलीत ठेवलेले असतील, तर तिथे तुझा निम्मा दिवस जॅम काढण्यात जाणार.